टाकी भरल्याचा मेसेज

यंत्र खोटं बोलत नाही, असं भर ग्रामसभेत मी म्हणालो होतो. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मार्गासनीच्या पुढं आमचं गाव. गावाला पाणी सोडायचं काम वीस वर्षं माझ्या चुलत्यांकडं, तात्यांकडं होतं. रोज टाकीवर चढायचं, खुणा केलेली काठी आत सोडून पाणी बघायचं, मग व्हॉल्व्ह फिरवायचा. मला हे मागासलेलं वाटायचं. भोरला माझं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, शहाणपण उतू चाललेलं. मी टाकीच्या झाकणाखाली सेन्सर बसवला. तो आवाज सोडतो आणि आवाज पाण्यावर आपटून परत येईपर्यंत वायरवर सिग्नल चालू ठेवतो. सिग्नल जितका लांब, तितकं पाणी खाली. तेवढा वेळ मोजायचा आणि सरपंचांच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा; टाकी भरल्याचा मेसेज आला की ते मोटर बंद करणार, बस.

वेळ मोजायला चिपमध्येच वेगळा काउंटर असतो. बाकी काहीही चालू असो, तो आपला मोजत राहतो. तो जुळवायचा मी कंटाळा केला. प्रोग्रॅमलाच एक, दोन, तीन मोजायला लावलं. घरात रेंज नाही, म्हणून सिम न टाकताच टेबलावर तपासलं. ही माझी अक्कल! टाकीवर सिम टाकल्यावर प्रोग्रॅम मोजता मोजता मेसेजच्या कामाला पळायचा, मधले आकडे गळायचे. सिग्नल आखूड दिसायचा, अर्धी टाकी भरलेली ठरायची आणि मोटर तिथंच बंद.

वरच्या आळीला पाणी पोचेना, आणि मोबाईलवर टाकी फुल्ल. मग पाणी मुरतंय कुठं? सगळ्यांनी तात्यांनाच धरलं. खालच्या आळीला चोरून सोडतो म्हणाले. तात्या ओली काठी घेऊन सभेत उभे राहिले.

"अर्धीच हाय टाकी. चढून बगा की कुनीतरी."

कुणी उठलं नाही. सरपंचांच्या मोबाईलवरचा मेसेज दाखवत मी माझं ते वाक्य बोललो आणि तात्यांचं काम गेलं.

नवा माणूस आला तरी वरची आळी कोरडीच. तेव्हा कुठं मी टाकीवर चढलो. पाणी खरंच अर्ध्यावर होतं. काउंटर जुळवला, आकडा काठीशी तंतोतंत जमला. चूक माझी, तात्या खरं बोलत होते, असं सरपंचांना सांगितलं तर म्हणाले, "मशीन नीट झालं न्हवं? मग आता कशाला उकरून काढताय?" संताप आला. पण काढू कुणावर? सभेत मेसेज दाखवत मीच उभा होतो.

गोठ्यात जाऊन तात्यांचे पाय धरले, सगळं सांगितलं. ते धार काढत होते.

"त्ये काउंटर-बिंटर मला कळत न्हाई," मान वर न करता ते म्हणाले. "म्या खोटं बोलतुया, असं तुला खरंच वाटलं व्हतं का रं?"

वाटलं होतं.