नानांचा नवा गुडघा आणि शिकोकूची वाट

ट्रेकवरून आल्यावर बुटांचा चिखल एका धुण्यात जातो, किस्से मात्र घरात साठत राहतात. ओसाकाला आमच्याकडे कोणी जेवायला आलं की कुकरची शिट्टी व्हायच्या आत मंदार सुरू होतो, "अरे, शिकोकूला काय झालं, ऐका!" आणि हमखास चुकीचं सांगतो. म्हणून या वेळचे मीच सांगते.

आम्ही चौघं: मी, माझा नवरा मंदार, मैत्रीण शिल्पा आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे, नाना. जपानच्या शिकोकू बेटावरच्या खेड्यांतून पाच दिवस चालायचं होतं. नानांचा गुडघा बदलून वर्ष झालेलं. गुडघा ठणठणीत, पण भीती काही जाईना! डॉक्टर म्हणायचे, "चाला." नाना म्हणायचे, "माझं चालून झालं." पुण्यात ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठत नव्हते. शेवटच्या दिवशी एक घाट होता. तो चढले नाहीत तर नाना परत जाऊन त्याच खुर्चीत बसणार, हे आम्ही तिघंही जाणून होतो.

* * *

मंदारने एक्सेल शीट केली होती. त्यात पाणी प्यायलासुद्धा मिनिटं! पहिल्याच दिवशी बसला आम्हाला एक मिनिट उशीर झाला. नाना काठी टेकत येत होते, ड्रायव्हर शांतपणे थांबला. आम्ही चढल्यावर त्याने माइकवरून प्रवाशांची माफी मागितली. प्रवासी म्हणजे एकच आजी, त्याही गाढ झोपलेल्या!

"अगं, उशीर आपला आणि माफी त्याची?" नाना ओशाळले. उतरताना त्यांनी वाकून नमस्कार केला. ड्रायव्हरही वाकला. मग पुन्हा नाना. मग पुन्हा तो. शीटमधली आणखी तीन मिनिटं गेली.

* * *

डोंगरात अस्वलं येतात, घंटी वाजवत चालावं, असं शिल्पाने कुठेतरी वाचलेलं. तिने थेट देवघरातली घंटा आणली! वाटभर टिणटिण. आता, शिकोकूत देवळांची पायी यात्रा करणाऱ्यांकडेही घंटी असते. झालं! एका घरातून एक आजोबा लगबगीने आले, त्यांनी शिल्पाला हात जोडले आणि मोची, म्हणजे तांदळाचा मऊ लाडू, दिला. "आमच्यासाठी प्रार्थना करा."

"अगं, सांग ना त्यांना, ही अस्वलांसाठी आहे," शिल्पा माझ्या कानात कुजबुजली. मी सांगितलं.

आजोबा हसले. "अस्वलं नाहीत इथे. आम्ही सहा म्हातारेच उरलोय."

पुढच्या देवळात शिल्पाने त्या सहा जणांसाठी मनापासून घंटा वाजवली.

* * *

वाटसरूला काहीतरी द्यायचं, ही तिथली पद्धत. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंदारच्या सॅकमध्ये संत्री, संत्री आणि संत्री!

"नुसतं घेत सुटायचं, बरं दिसत नाही," म्हणत नानांनी एका बागवाल्याला आपला चिवडा दिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी, कान लाल. आम्ही घाबरलो. त्याने घोटभर चहा घेतला आणि पुन्हा ओंजळ पुढे केली!

बदल्यात आणखी एक पिशवी संत्री मिळाली.

* * *

चौथ्या मुक्कामी मालकीणबाईंनी नानांना जिन्याकडे बघताना पाहिलं. त्यांनी स्वतःची खालची खोली रिकामी केली, न्हाणीघरात स्टूल ठेवलं. मला भरून आलं. परक्या माणसासाठी कोण करतं इतकं?

नाना म्हणाले, "बाई फार चांगली आहे. उद्या घाट तुम्ही करा, मी इथेच राहतो!"

* * *

सकाळी मंदारच्या विनवण्यांनी नाना पायथ्यापर्यंत आले. तिथे ऐंशीच्या पुढच्या एक आजी काठी घेऊन उभ्या होत्या. नानांना बघून त्या किंचित वाकल्या आणि चढायला लागल्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मागोमाग निघाले.

दीड तास! दोघंही थांबेनात. आम्ही तिघं मागे धापा टाकतोय, आणि माझा जीव नानांच्या गुडघ्यात.

वर पोचल्यावर दोघं एकाच दगडावर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. नानांचा चेहरा लाल, पण असा फुललेला मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"अगं, दहा वेळा वाटलं बसावं," ते म्हणाले. "पण ही बाई थांबेचना! मग मलाच लाज वाटली."

मी हसत आजींना ते जपानीत सांगितलं. त्यांनी टॉवेलने घाम पुसला आणि नानांकडे पाहिलं.

"मी रोज अर्ध्या वाटेवरच्या बाकापर्यंतच येते," त्या म्हणाल्या. "इथवर सहा वर्षांनी आले. हे मागून येतच होते. थांबायची लाज वाटली."