दोन थेंब तेल

टेलरबाईंच्या घरात काही कुरकुरलं की त्यात तेल पडायचंच. दाराची बिजागरी, कात्री, शिवणयंत्र, सगळ्यांना एकच औषध. दुसऱ्यांचे कपडे शिवून एकटीने लेक वाढवलेली बाई. काम उद्यावर टाकणं तिला ठाऊकच नव्हतं.

लेक नववीत. शाळेच्या डोंगरी सायकलिंगच्या संघात चार मुलगे आणि ही एकटी मुलगी. एका तरी मुलीने शर्यत पूर्ण केली, तरच संघाचे गुण धरायचे, असा नियम. म्हणजे सगळ्यांची वर्षभराची मेहनत हिच्या गळ्यात!

शर्यतीच्या आदल्या दिवशी लेक सरावाहून आली, तेव्हा सायकल किंचाळत होती. ती आंघोळीला गेली तशी बाईंनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी उचलली आणि चाकांमधल्या चकत्यांवर, पुढे दोन थेंब, मागे दोन थेंब, मायेने सोडले. आता बाईंना कोण सांगणार, की त्या चकत्या ब्रेकच्या असतात आणि तिथे तेल चुकूनही घालायचं नसतं!

सकाळी शर्यतीआधीच्या सरावाच्या फेरीत, बघायला आलेल्या बाईंच्या डोळ्यांदेखत, लेक उतारावरून सुटली ती थेट झुडपात. कोपर सोललं. संघाला शिकवणारे गणिताचे सर धावले, चकतीला बोट लावून वास घेतला.

"ब्रेकला तेल? हे कुणी केलं?"

लेकीने आईकडे एकदा पाहिलं. "मी, सर."

"कमाल झाली! वर्षभर काय शिकवलं मी? तुझं नाव मागे घेतो."

बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. पण त्या पुढे झाल्या.

"सर, तिला बोलू नका. तेल मी घातलं. ब्रेकमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण तेलाचे डाग काढण्यात जन्म गेलाय माझा. काय लागेल ते सांगा."

स्पिरिट लागलं, पॉलिशपेपर लागला. बाईंनी पदर खोचला आणि अर्धा तास चकत्या घासल्या. तरी ब्रेक अर्धवटच लागत होता.

"नाव राहू दे. पण चढ सायकलवरून, उतार पायी," सर लेकीला म्हणाले. "उतारावर बसलेली दिसलीस तर मीच बाहेर काढीन."

बाई उताराच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेक धापा टाकत चढून आली. शेजारून पोरं सूं सूं करत खाली चालली होती. हिचा पाय काही पेडलवरून निघेना.

"उतर!"

"आई, सगळे पुढे गेले गं!"

"जाऊ देत! उतर म्हणते ना!"

उतरली. रडत, चिडत, सायकल धरून धावत सुटली. दुसऱ्या फेरीत मात्र सांगावं लागलं नाही. आपणहून उतरली आणि आईकडे न बघताच पळाली. रेघ ओलांडली तेव्हा आयोजक दोऱ्या गुंडाळत होते. सगळ्यात शेवटची! पण पूर्ण केली पठ्ठीने. संघाचे गुण धरले गेले.

घरी येऊन बाईंनी कुपी फळीवर मागे सारून ठेवली. आठवड्याने लेकीने सायकल शिवणयंत्रापाशी आणली.

"आई, तेल काढ."

"मी हात लावणार नाही बाई त्याला."

"साखळीला लागतं. तूच घाल. कुठे ते मी दाखवते."

बाईंनी कुपी काढली. पहिला थेंब फरशीवरच पडला. लेकीने तो पुसला आणि साखळीवर बोट ठेवलं. "इथे, आई."