दांड्यावरचा हात

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जत्रेत मूकपटाचा तंबू लागे, तेव्हा पडद्यावरची अक्षरं लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायला मला, शाळामास्तराला, बोलावत. माझी जागा यंत्राशेजारी. यंत्राचा दांडा हातानं फिरवणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. दांडा फिरवायला अक्कल ती काय लागते, असंच मला वाटे.

एका संध्याकाळी सातपुड्यातली मंडळी ढोल घेऊनच आत शिरली. पडद्यावर नर्तकी नाचू लागली तसा त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं ठेका धरला. पण तिची पावलं ढोलाच्या पुढं पळत होती. लोक हसले. म्हातारा ओशाळून थांबणार, एवढ्यात माझ्या शेजारचा, दांड्यावरचा हात मंदावला. दोन-चार फेऱ्यांत तिचं पाऊल बरोबर थापेवर पडू लागलं आणि सगळा तंबू डोलू लागला.

तंबूचा मालक ओरडला, "हात चालव!" यानं लक्षच दिलं नाही. मला हळूच म्हणाला, "नाचनारीले ढोल ऐकू येत नही, मास्तर. तिना कान मन्हा हातमा शेतस." तिचे कान म्हणे याच्या हातात!

पुढं बोलपट आला. यंत्राला मोटर बसली, माझं वाचन संपलं. मी तिकीट काढून त्याच तंबूत गेलो. पडद्यावरच्या नर्तकीचे घुंगरूही आता ऐकू येत होते. तोच म्हातारा ढोल घेऊन आला होता. त्यानं थाप मारली, पुन्हा मारली. ती आपल्याच तालात नाचत राहिली. मी मागं वळून पाहिलं. मोटर एकाच गतीनं चालली होती, आणि तिच्याशेजारी बसलेल्या त्या माणसाचा रिकामा हात म्हाताऱ्याच्या ठेक्यावर फिरत होता.