फ्रिजमध्ये ठेवलेला वाटा

होळीला येतो म्हणालेला माझा फौजेतला धाकटा भाऊ आलाच नाही. सुट्टी पुढं गेली, पाच दिवसांनी येतोय, अशी तार आली. कोरेगावला आईला भेटून तो दुपारी एकला कोयनानगरला आमच्या क्वार्टरवर येणार आणि दोनच्या एसटीनं कराड स्टेशन गाठून बदलीच्या नव्या ठिकाणी जाणार.

आमच्यात फौजेतल्या माणसाचा सणाचा वाटा बाजूला काढतात. तो त्याच दिवशीच्या नैवेद्यातला लागतो, नंतर केलेला चालत नाही. सहा वर्षं त्याचा वाटा गाईलाच जात होता. या वेळी मी सहा पुरणपोळ्या डब्यात भरून शेजारच्या इंजिनिअरच्या बायकोच्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या.

तो यायच्या दिवशी सगळं मिनिटांवर बसवलं होतं. साडेबाराला डबा आणायचा, पावणेएकला तवा, एकला ताट. भाऊ सव्वाला आला. तोवर मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आले होते.

आणि पोळ्या सुटेनात. सवयीनं मी त्या गरम, तूप लावून, एकावर एक रचून झाकण घट्ट लावलं होतं. घरी तशाच मऊ राहतात. इथं त्यांची वीट झाली होती. ती तशीच तव्यावर टाकली, तर खालची करपली आणि वरची दगडासारखी.

"आगं आक्का, जेवू घालतीस का भिंत बांधतीस?" भाऊ म्हणाला.

"गप बस रं. हात धू."

"धुवून वाळलं की."

शेजारीण दारातून म्हणाली, "अहो, वाफेवर धरा!" पातेल्यात पाणी ठेवलं, वर चाळणी, चाळणीत वीट. पाणी उकळेना. दोनला बारा कमी. मी झाकण उघडून बघत होते आणि प्रत्येक वेळी वाफ निघून जात होती.

"तू बघू नगंस गं! मलाच बघ जरा, कवाच्यानं बसलोय."

मी वळून बघितलं. वाळला होता. इतका वेळ मला ते दिसलंच नव्हतं.

वरची पोळी सुटली. कडेला मऊ, मध्ये पुरण गारच. दूध घालून दिली. उभ्यानंच खाल्ली. "दाताला कळ लागली," म्हणाला, आणि दुसरीला हात पुढं केला. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला.

उरलेल्या पाच मी फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत कोंबल्या. एसटी वळणाआड गेली तरी मी तिथंच उभी होते. त्याची बदली कुठं झाली, हे विचारायचंच राहून गेलं होतं.