राहिलेली कविता

इथे परदेशात, हेन्डरसनला मी ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेते, त्या दुकानातला फार्मासिस्ट मूळचा पुण्याचा. "ताई, बसा, लेबल होतंय," म्हणत तो काउंटरखालून कवितांचं पुस्तक काढतो आणि 'जेवणानंतर घ्या' सांगावं तशा कोरड्या आवाजात वाचायला लागतो. अर्ध्यावर गिऱ्हाईक येतंच. मग गोळ्यांची रिकामी स्ट्रिप खूण म्हणून घालून तो पुस्तक मिटतो. "राहिलेली पुढच्या वेळी." आणि गिऱ्हाइकाला इथला नमस्कार, "किया ओरा!"

"घरी नाही वाचत?" मी एकदा विचारलं.

"वाचतो ना. मुलगी 'नाइस, डॅड' म्हणते आणि हेडफोन लावते."

माझ्या घरी तर तेवढंही म्हणणारं कुणी नाही.

परवा धो धो पाऊस होता. दुकानात आम्ही दोघंच. म्हटलं, आज कविता पुरी होणार. पण अर्ध्यावर येताच तो थांबला. रिकाम्या दाराकडे बघत त्याने स्ट्रिप पानात घातली.

"राहिलेली पुढच्या वेळी. याल ना, ताई?"

"येईन की."

त्या पुस्तकाची एक प्रत माझ्याही कपाटात आहे. हे मी त्याला सांगितलेलं नाही. घरी आल्यावर ती उघडतही नाही.