घडीवरचं बरोबरचं चिन्ह

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माण तालुक्यातल्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, आज आटपाडीकडच्या एका शाळेत गणित शिकवतो, ते त्यांच्यामुळे.

बाईंची एक पद्धत होती. समीकरण सोडवायचं तर वहीचं पान उभं मधोमध दुमडायचं आणि प्रत्येक ओळीतलं बरोबरचं चिन्ह त्या घडीवरच लिहायचं. घडीच्या डावीकडे पाच वजा केले, की उजवीकडेही पाच वजा करून दाखवायचे. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. ताळा नसला की बाई वही न बघता परत देत. "मला काय विचारतोस? समीकरणाला विचार," म्हणत.

मी शिक्षक झालो आणि दोन वर्षांतच हे सोडलं. पोर्शन संपत नव्हता. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' एवढं फळ्यावर लिहिलं, की एका तासात दहा गणितं व्हायची.

नववीत मेंढपाळाची एक मुलगी होती. दिवाळीनंतर घरचे सगळे कळप घेऊन कृष्णाकाठी जायचे. तिचे वडील शाळेत येऊन सांगून गेले, "मास्तर, सहामाहीला गणितात पास झाली तर मावशीकडं ठिवतो. न्हाईतर येईल आमच्यासंगं."

एकदा ती तासाला उभी राहिली. "सर, पाच पलीकडं जातोय, पण कशापायी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अलीकडचं गवत संपलं आसंल." वर्ग हसला. मीही हसलो. "नियम पाठ कर," म्हणालो, "परीक्षेत कारण विचारत नाहीत."

सहामाहीला ती गणितात नापास झाली. दिवाळीची सुटी संपली तेव्हा तिचा बाक रिकामा होता. मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. तीन क्ष अधिक पाच बरोबर वीस. पाच पलीकडे नेऊन तिनं पंधरा आणले होते. मग क्षला गुणणारा तीनही तसाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं, पंधरातून तीन वजा केले आणि उत्तर लिहिलं बारा. पुढची सगळी गणितं अशीच. माझं वाक्य तिनं कुठंही मोडलं नव्हतं.

रविवारी मी मोटारसायकल घेऊन निघालो. विचारत विचारत दुपारी त्यांचा तळ सापडला. ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. वडिलांना म्हणालो, "चूक माझी आहे. मी तिला नीट शिकवलं नाही."

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "मास्तर, चुकला तुमी, आन् मार्क हिचं कापलं व्हय?"

मी कागद दुमडून मुलीपुढे ठेवला. परीक्षेतलं तेच समीकरण लिहिलं, बरोबरचं चिन्ह घडीवर. तिनं दोन्हीकडून पाच काढले. पुढं थांबली. "तीन तर क्षला गुणतोय. मग दोन्हीकडं तिनानं भागायचं?" क्ष पाच आला. मी तिला उत्तरपत्रिकेतला जुना बारा त्याच कागदावर वर लिहून, खाली समीकरणात घालून बघायला लावलं. एक्केचाळीस झाले. ती बारा खोडायला गेली, मी खोडू दिला नाही.

"म्हंजे पाच कुठंच जात न्हवता," ती म्हणाली.

वडिलांनी विचारलं, "आता पास हुईल का?" मी म्हणालो, "ते सांगू शकत नाही. पण रोज शाळा सुटल्यावर मी हिला घेऊन बसेन." ते मेंढरं वळवायला उठले. मी तसाच परत आलो. आठवड्यानंतर ती मावशीकडून शाळेत आली. त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर त्या मेढ्याला असतात.

"बाई, नमस्कार. तुम्ही शिकवलेली घडी मी वर्गातून काढून टाकली होती. वेळ वाचवला, आणि त्यापायी एका मुलीची शाळा सुटत होती. तिनं विचारलेल्या प्रश्नावर मी हसलो होतो. तुम्ही आमच्या प्रश्नावर कधी हसल्याचं आठवत नाही. गेल्या आठवड्यापासून सगळा वर्ग पान दुमडतो. पोर्शन मागं पडला आहे. सोबत तिचा कागद पाठवतो. पहिलं उत्तर चुकलं आहे, ते मी मुद्दाम खोडू दिलं नाही. खाली ताळा बघा. चूक तिनंच शोधली आहे. तुमचा विद्यार्थी."