शिट्टीभाऊंची गॅरंटी

मस्कतला निघाले त्या दिवशी आप्पांमुळे माझं विमान चुकता चुकता राहिलं. महाडहून मुंबईला विमानतळावर जायला भाड्याची गाडी केली होती आणि पुढच्या सीटवर माझे वडील, म्हणजे आप्पा. महाड सुटलं तोच दासगावला त्यांनी गाडी थांबवायला लावली, कारण रस्त्याकडेला उभी असलेली बाई ओळखीची निघाली. मग लोणेऱ्याला कोणी, माणगावात कोणी. प्रत्येक ठिकाणी काच खाली करून तेच, "पोर चाललीय मस्कतला. सोडायला चाललोय." समोरच्यानं खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, मी कसनुसं हसायचं आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं घड्याळ बघत घाम पुसायचा. वडखळ आलं तेव्हा कुठं ओळखीची माणसं संपली, म्हणून आम्ही वेळेत पोचलो.

विमानतळावर मात्र आप्पांना शब्द सुचेना. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस, ट्रॉलीची दांडी धरून नुसताच उभा. शेवटी म्हणाले, "रबर घेतलंस ना गो जादा? तिकडं मिळंल, नाय मिळंल." मी हो म्हटलं आणि आत गेले.

रबर म्हणजे कुकरच्या झाकणातलं. आप्पा महाडच्या बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात सेल्समन होते, पण दुकानात ते क्वचितच सापडत. खांद्याला पिशवी, हातात कुकरचा खोका आणि पोलादपूरकडची नाहीतर वरंधकडची एसटी. एसटी संपली की पुढे चढ. वरच्या वाड्यांमध्ये तेव्हा भात चुलीवर टोपात शिजायचा. आप्पा कुणाच्या तरी अंगणात बैठक मारायचे, त्याच घरातले डाळ-तांदूळ मागून घ्यायचे आणि कुकर लावून दाखवायचे. पहिली शिट्टी झाली की म्हाताऱ्या पदर सावरत पळायच्या आणि पोरं आनंदानं किंचाळायची. पोरांनीच त्यांचं नाव शिट्टीभाऊ पाडलं. पुढे लग्नाच्या पत्रिकांवरही ‘शिट्टीभाऊ, महाड’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि पोस्टमन त्या बरोबर आमच्याकडे आणून द्यायचा.

आमच्या स्वतःच्या घरी मात्र भात टोपातच व्हायचा. आईचं म्हणणं, कुकरच्या भाताला चव नसते. दिवसभर गावोगाव याच्या उलट सांगून आलेले आप्पा घरी तो भात मुकाट्यानं खायचे. खायचे तेही थोडा, कारण जातील त्या घरी जेवल्याशिवाय त्यांना कोणी सोडायचं नाही. येताना पिशवीत कुणाची काकडी, कुणाची नाचणी. आई करवादायची, "लोकांच्या पोरींची चौकशी झाली असंल, तर आपली पोर कितवीत हाय ते सांगा." आप्पा कायम एक इयत्ता मागे असायचे. पण रविवारी माझी वेणी तेच घालायचे, आणि वेणी होईपर्यंत आठवडाभरातल्या सगळ्या वाड्या माझ्याही फिरून व्हायच्या.

लोकांच्या पोरींचं असं होतं, की आमच्याकडे मुलीला लग्नात भांडी देतात आणि त्या भांड्यांत आप्पांनी कुकर घुसवला होता. मुलगी डोंगरापलीकडे दिलेली, आईबापांना शेतातून सवड नाही, भाऊ मुंबईला. कुकर घेताना आया विचारायच्या, "भाऊ, गॅरंटी हाय ना?" सुरुवातीला आप्पा कंपनीचं कार्ड काढून दाखवायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की कार्डाकडे कोणी बघतच नाही. त्या बायांना विचारायचं असायचं ते वेगळंच: तुम्ही त्या बाजूला जाता, तर आमच्या पोरीकडे डोकवाल ना? तेव्हापासून आप्पांचं उत्तर ठरून गेलं, "कुकरची कंपनीची, पोरीची माझी." आणि ते खरंच जायचे. रबर बदलायला आलेल्या माणसाला सासरच्या स्वयंपाकघरापर्यंत कोणी अडवत नाही. पोर हसून बोलते का, अंगावर कुठं वळ तर नाहीत ना, हे बघून यायचे आणि परतीच्या वाटेवर तिच्या आईला सांगायचे.

एकदा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका घरात नवी सून त्यांच्याकडे वर मान करून बघेचना. आप्पांनी कुकर उघडला, बंद केला, कानाशी नेऊन हलवला आणि चेहरा पाडून सासूला सांगितलं, "मावशी, हा कुकर धोक्याचा हाय. महाडला न्यायला लागंल. आन् चालवणारं माणूस संगती पायजे, नायतर काय चुकतंय ते कळायचं नाय." सासूनं कुकर फुटायच्या धास्तीनं लगेच होकार दिला. हातात धडधाकट कुकर आणि मागून ती पोर, असे आप्पा एसटीनं खाली उतरले आणि तिला थेट तिच्या आईकडे पोचवून आले. दुरुस्ती बरेच दिवस चालली. शेवटी नवरा तिला न्यायला आला, तेव्हा आप्पा मुद्दाम तिथं हजर राहिले आणि कुकर किती जपून हाताळावा लागतो हे त्याला पुन्हा पुन्हा समजावत बसले. ही गोष्ट सांगताना आप्पा पोट धरून हसायचे. आई हसायची नाही. ती म्हणायची, "आता तिथं मधनंमधनं जात जावा." ते जात राहिले.

पुराचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं, तेव्हा मालकांनी हात टेकले आणि दुकान परत उघडलं नाही. आई त्याआधीच गेली होती. आता आप्पा घरी बसतील असं आम्हाला वाटलं, पण ते पिशवीत रबरं आणि शिट्ट्या भरून फिरतच राहिले. फक्त वरंधजवळच्या तळीयेकडे गेले नाहीत. त्याच पावसात कोसळलेल्या दरडीत तिथली त्यांच्या ओळखीची घरं गेली होती.

मी तेव्हा इथे मस्कतला होते आणि आजही इथेच आहे. रुवीमध्ये आठव्या मजल्यावर फ्लॅट, मी दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला, नवरा गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. शुक्रवारी सुट्टी, वर्षातून एकदा लीव्ह. इथले डोंगर वैशाखातल्या आपल्या डोंगरांसारखे दिसतात, फक्त इथला वैशाख संपत नाही. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोहाला, दुबईला, नाहीतर नुसतं डोंबिवलीला, तुम्हाला हे ठाऊक असेल. आपण तिकडच्या बातम्या ऐकतो, हळहळतो आणि फोन चार्जिंगला लावून कामाला लागतो. दुसरं काही करता येत नाही.

आप्पा विसरायला लागलेत, ही बातमीही मला अशीच फोनवर कळली. महेशनं सांगितली, माझ्या धाकट्या भावानं. आधी नावं गेली, मग वार, मग आई गेल्याचं गेलं. घरातली माणसं एकेक करून पुसली गेली, पण वाड्या सगळ्या शाबूत. कुठली एसटी कुठल्या फाट्यावर थांबते हे अजून घडाघडा सांगत. सकाळ झाली की पिशवी घेऊन निघायचे. जातील तिथं लोक ओळखायचे, जेवू घालायचे, नको असलेलं रबरही कौतुकानं ठेवून घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून कंडक्टरला सांगून द्यायचे. तुम्ही जे गावी राहिलात, तुम्ही माझ्या बापाला अख्ख्या तालुक्यात हातावर झेललंत. मी इथं बसून नुसतं ऐकत होते.

मागच्या पावसाळ्यात ते तळीयेला निघाले. दरड त्यांच्या आठवणीतून गेली होती, त्यामुळे तिथली घरं त्यांच्या लेखी परत उभी राहिली होती. "रबर द्यायचंय, वाट बघत असतील ती," असं म्हणत भर पावसात घाटाच्या रस्त्यानं चालत सुटले. वरंधच्या लोकांनी ओळखलं आणि रिक्षात घालून घरी आणून सोडलं. भिजून भरलेला ताप कितीतरी दिवस उतरला नाही. उतरला तसे पुन्हा निघाले, पुन्हा तळीयेलाच. महेश एमआयडीसीत शिफ्टला, त्याची बायको स्वाती दोन लहान पोरांना घेऊन घरी एकटी. ती त्यांच्यामागे किती धावणार?

त्यांना इकडे आणायचं मी पुष्कळदा मनात धरलं. डॉक्टर म्हणाले, जागा बदलली तर आहे तेही जाईल. आणि आणून ठेवणार कुठं, या आठव्या मजल्यावर?

मग एके सकाळी क्लिनिकमध्ये महेशचा फोन आला. काउंटरसमोर एक बाई गाल धरून उभी होती. महेश म्हणाला, "ताई, आप्पांच्या दाराला बाहेरून कडी लावू का? मी कामावर असतो तेवढा वेळ. तू हो म्हण, मगच लावतो." मला त्याचा भयंकर राग आला. हे माझ्याकडून कशाला वदवून घेतोस, असं ओरडावंसं वाटलं. पण नाही म्हणावं तर मी तिथं कुठं होते? जो माणूस एक दिवस घरात बसला नाही, त्याला कोंडायला मी होकार दिला. "लाव," म्हटलं आणि त्या बाईला हसून रांगेतला नंबर दिला.

परवाच्या शुक्रवारी दुपारी स्वातीला व्हिडिओ कॉल केला. फोन पडवीतल्या खांबाला टेकवून ती तांदूळ निवडत होती आणि तिच्या मागे ते कडी लावलेलं दार. माझं घर हल्ली मला एवढंच दिसतं. आम्ही पोरांच्या शाळेबद्दल बोलत होतो, तेवढ्यात आतून दारावर टकटक झाली. "वैनी, हाय का कोण घरात?"

आप्पा आत उभे राहून, बाहेरून आल्यासारखं दार वाजवत होते. बंद दार दिसलं की वाजवायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. आपण दाराच्या कुठल्या बाजूला आहोत ते त्यांना कळत नव्हतं.

"रोजचंच हाय, ताई," स्वाती म्हणाली आणि तिनं कडी काढली. "या भाऊ, बसा." सासऱ्यांना भाऊ म्हणताना ती जराही अडखळली नाही. आप्पा बाहेर येऊन पाहुण्यासारखे कडेला टेकले. पाणी प्याले. घर चांगलं राखलंय म्हणाले. मी ते घर सोडून आले, आणि आता त्यांच्याही हातून ते सुटलं. तरी दोघंही उठून जातो ते त्याच दाराशी.

मग आप्पांनी तांब्या खाली ठेवला आणि आपुलकीनं विचारलं, "या घरातली पोर कुठं दिलीय?"

स्वातीनं एकदा फोनकडे पाहिलं. "मस्कतला दिलीय, भाऊ."

"मस्कत," आप्पांनी आठवून बघितलं. "पोलादपूरच्या वर का?"

"नाय, भाऊ. लांब हाय. विमानानं जायला लागतं."

आप्पांनी तांब्या बाजूला सारला. मग जरा रागानंच म्हणाले, "येवढ्या लांब कशाला दिलीत? तिथं माझं जाणं व्हायचं नाय. मंग पोरीकडं बघतंय कोण?"

"आप्पा, मी बरी आहे," मी इथून ओरडले. "आप्पा, मी बरी आहे हो."

त्यांनी वळून अंगणाकडे पाहिलं. कोण बोललं ते त्यांना कळलं नाही.